दोन तिकिटांचं एक करायचं कसं : सीमाभागातल्या गावांसाठी बसभाड्याची वाट

परवा शर्टाच्या खिशातून दोन तिकिटं निघाली. एक कन्नडात छापलेलं, एक मराठीत. दोन्ही एकाच संध्याकाळची, बेळगावहून घरी येतानाची. मधे महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या शिनोळीला उतरून पंचवीस मिनिटं उभा होतो, ते मात्र कुठल्याच तिकिटावर छापलेलं नव्हतं. दोन्ही रकमांची बेरीज केली तर थेट गाडीच्या तिकिटापेक्षा जास्त भरली. रस्ता तोच, अंतर तेवढंच. फक्त मधे गाडी बदलली.

चंदगडच्या बाजूनं बेळगावला रताळी, काजू घेऊन येणारे, खानापूर-जांबोटीकडून कॉलेजला येणारी पोरं, संकेश्वरहून गडहिंग्लजला दवाखान्याला जाणारे, कागवाडहून मिरजेला रेल्वे धरणारे, निपाणीहून कागल-कोल्हापूरला कामावर जाणारे या सगळ्यांना हे नवीन नाही. नवीन एवढंच की यातलं बरंचसं बदलून घेता येतं, आणि त्यासाठी मोर्चाच काढावा लागतो असं नाही. एक वही लागते, चार-सहा महिने चिकाटी लागते आणि नेमकं काय मागायचं ते ठाऊक असावं लागतं.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. भाड्याचा विषय निघाला की चावडीवर पहिली शिवी दरवाढीला बसते. ती बसणारच. ५ जानेवारी २०२५ ला कर्नाटकानं चारही परिवहन महामंडळांचं भाडं १५ टक्क्यांनी वाढवलं आणि २५ जानेवारीला महाराष्ट्रात एसटीनं १४.९५ टक्के वाढ केली. वीस दिवसांत दोन्हीकडून मार. पण दर बंगळूर-मुंबईत ठरतो. कर्नाटकात तो सरकारच्या मंजुरीनं वाढतो, महाराष्ट्रात राज्य परिवहन प्राधिकरणाच्या मंजुरीनं. 'दर कमी करा' असा ठराव डेपो मॅनेजरला नेऊन दिला तर तो चहा पाजेल, सही-शिक्का देईल, आणि कागद फाईलला लावेल. त्याच्या हातात काहीच नाही. टप्पा कुठं धरला, फाट्यावर उतरणाऱ्याला कुठलं तिकीट फाडलं जातं, दोन गाड्यांच्या वेळा जुळतात का, पास कुठपर्यंत चालतो, याची चाकं मात्र डेपोत आणि विभागीय कार्यालयात फिरतात. गावानं जोर तिथं लावायचा.

तिकिटं फेकू नका

सुरुवात तिकिटांपासून. महिनाभर गावातल्या दहा-बारा जणांनी आपापली तिकिटं जपायची. एकाच माणसानं नव्हे. कॉलेजची पोरगी, बाजाराला जाणारी मावशी, कारखान्यात पाळीला जाणारा, महिन्यातून एकदा औषधाला जाणारे आजोबा, सगळ्यांची हवीत.

यात एक गोम आहे. मशीनचं तिकीट उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर असतं. शर्टाच्या खिशात घामानं ते आठवड्यात पुसट होतं आणि महिन्यात कोरं. आमची पहिली चाळीस तिकिटं अशीच गेली. वहीला डिंकानं चिकटवली होती, डिंक ओला लागला आणि आकडे विरून गेले. मग एकानं शहाणपणा करून उरलेली लॅमिनेट करायला नेली. गरम रोलरातून पट्टी बाहेर आली ती काळी ठिक्कर! म्हणून तिकीट हातात पडलं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढायचा आणि मूळ कागद कोरड्या पाकिटात टाकायचा. वहीत तारीख, गाडी कुठल्या राज्याची, साधी की जलद, कुठून कुठं, किती रुपये आणि गाडी बदलताना किती वेळ थांबलो ते लिहायचं. थांबलेला वेळ विसरू नका. पुढं त्याच आकड्यानं अधिकारी हलतात.

वडापचं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपचं, भाडंही त्याच वहीत लिहा. तिकीट मिळत नाही, पण किती दिले ते आठवतं. वडापला गर्दी कुठल्या वेळेला होते यावरून बस कुठं कमी पडते ते कळतं. महामंडळाला 'तुमचे प्रवासी तिकडं चाललेत' हे वाक्य जितकं समजतं तितकं 'आमचे हाल होतात' हे समजत नाही.

टप्पा : सगळं पाणी इथंच मुरतं

आता टप्पा. भाडं आपण किलोमीटरवर देतो असं वाटतं, प्रत्यक्षात ते टप्प्यावर असतं. एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा. २०२५ च्या वाढीत साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. टप्प्याच्या आत कुठंही उतरा, पैसे पूर्ण टप्प्याचे. कर्नाटकच्या गाडीचा तक्ता वेगळा, पण टप्प्याची तऱ्हा तीच.

समजा तुमचं गाव बाजारपेठेपासून सात किलोमीटरवर आहे. किलोमीटरच्या हिशोबानं पावणेबारा रुपयांचं अंतर. पण सहाव्या किलोमीटरला टप्पा संपला आणि तुम्ही दुसऱ्यात पाऊल टाकलंत, म्हणून भाडं २० रुपये १० पैसे. एका किलोमीटरसाठी दहा रुपये. जाऊन-येऊन, महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०२ रुपये ५० पैसे. (अपघात निधीचा रुपया आणि पूर्णांकाची घासाघीस इथं सोडून दिली आहे.) पंधरा टक्क्यांच्या वाढीवर आपण ओरडतो आणि हे मुकाट्यानं भरतो.

तेव्हा आपलं गाव टप्प्याच्या कुठल्या अंगाला आहे ते आधी शोधा. तीन जागी घोळ सापडतो.

पहिला, अंतराचा. रस्ता रुंद झाला, वळण काढलं, बायपास आला, पूल झाला. तक्त्यात मात्र जुनंच अंतर. आपल्याकडं पुणे-बंगळूर महामार्गावर असं पुष्कळ झालं आहे. अंतर स्वतः मोजा. मोटारसायकलच्या मीटरवर एकदम भरवसा ठेवू नका, टायर झिजला की मीटर खोटं बोलतं. आधी महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटर ताडून बघा, फरक किती येतो ते टिपा, मग गावचा रस्ता तीनदा मोजा. मोबाईलच्या नकाशावरचं अंतरही बाजूला लिहा. तिन्ही जवळपास जुळली की आकडा पक्का.

दुसरा, फाट्याचा. आपल्याकडं निम्मी गावं मुख्य रस्त्यापासून एक-दोन किलोमीटर आत. गाडी आत येत नाही, फाट्यावर सोडते. तरी तिकीट पुढच्या गावचं, कारण फाटा तक्त्यातच नाही. कंडक्टरशी भांडून उपयोग नाही. मी भांडलोय. "मामा, मशीन जे दाखवतंय तेवढंच घेणार की मी," असं तो म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. फाटा तक्त्यात घातल्याशिवाय मशीनला तो दिसत नाही. 'अमुक फाटा येथे थांबा व भाडेटप्पा मंजूर करावा' ही मागणी छोटी आहे, पैसे थेट वाचवते, आणि मंजूर व्हायला सगळ्यात सोपी. पहिली मागणी हीच करा. एक जिंकली की गावाला दम येतो. एकच काळजी घ्या : थांबा मागायचा तर फाट्यावर गाडी बाजूला घ्यायला जागा आहे का ते बघा. नसेल तर मागणी सुरक्षेच्या शेऱ्यावर परत येते.

तिसरा घोळ हद्दीचा, आणि हा खास आपल्या वाट्याचा. हद्दीवर एका राज्याचा हिशोब संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. अलीकडचा टप्पा अर्धा राहिला तरी पूर्ण धरला जातो, पलीकडं पुन्हा पहिल्यापासून मोजणी. गाडी बदलली तर हे नक्कीच होतं, दोन्हीकडं कमीत कमी भाडं द्यावं लागतं. थेट गाडीत काय होतं ते तिकिटावरून ताडून बघा : हद्दीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंतचं भाडं, पलीकडच्या पहिल्या थांब्यापर्यंतचं, आणि त्याच्या पुढच्याचं. तीन तिकिटं शेजारी ठेवली की हद्द ओलांडताना किती रुपयांची उडी बसते ते डोळ्यांना दिसतं. कर्नाटकातलं बाची आणि महाराष्ट्रातलं शिनोळी ही दोन गावं जवळजवळ एकमेकांच्या अंगणात आहेत. त्यांच्यामधल्या उडीला अंतराचा कुठलाच आधार नाही, हे अधिकाऱ्यालाही कळतं, फक्त कागदावर दाखवावं लागतं.

कागद मागवायचा

गावाचं मोजमाप झालं की महामंडळाचा तक्ता हवा. आधी डेपोत तोंडी विचारा, कधीकधी सरळ झेरॉक्स मिळते. नाहीच तर माहितीचा अधिकार. कर्नाटकात अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत. महाराष्ट्रात मराठी चालते. फी दोन्हीकडं १० रुपये. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हा नियम दोन्ही राज्यांत आहे. आमचा पहिला अर्ज इथंच आपटला. आम्ही तक्ता, वेळापत्रक, उत्पन्न, बंद केलेल्या फेऱ्या सगळं एकत्र विचारलं होतं. तीस दिवसांनी एका कार्यालयाकडून दोन ओळींचं उत्तर आलं, 'एकापेक्षा अधिक विषय'. चूक आमचीच.

एवढंच मागा : 'अमुक ते अमुक मार्गावरील सध्या लागू असलेला टप्पेवार भाडेतक्ता, प्रत्येक टप्प्याचे अंतर व तो मंजूर केल्याची तारीख.' मंजुरीची तारीख मुद्दाम विचारायची. तक्ता रस्ता रुंद होण्याच्या आधीचा निघाला तर अर्धं काम तिथंच झालं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. ते टाळू नका, बऱ्याचदा कागद अपिलाची तारीख लागल्यावरच हलतो.

सवलती कुठं तुटतात

दोन्ही राज्यांच्या सवलती आहेत चांगल्या, पण हद्दीपाशी त्या अशा थांबतात जणू पुढं माणसं राहातच नाहीत. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या आणि जलद गाड्यांतून राज्याच्या आत फुकट प्रवास. महाराष्ट्रात एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट, आणि त्याआधीपासूनच ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं, पण महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. कर्नाटकात साठीनंतर तिथल्या रहिवाशांना २५ टक्के सूट.

आता बेळगावजवळच्या उचगावची लेक हद्दीपलीकडं चंदगड तालुक्यात दिलेली. माहेरी येताना ती एसटीत बसली तर हद्दीपर्यंत निम्मं तिकीट आणि पुढं पूर्ण. लग्नानंतर आधार कार्डावरचा पत्ता बदलला, म्हणून बेळगावच्या गाडीतली शक्तीही गेली. आईला मात्र बेळगावपर्यंत फुकट. आपल्याकडं घराघरात सोयरीक अशी हद्द ओलांडून गेलेली आहे.

ही सवलत पलीकडं वाढवा म्हणून मागणं सोपं नाही, पैसे कुठल्या तिजोरीतून जाणार यावर ते अडतं. पण एक व्यवहार्य मागणी आहे : थेट गाडीत बसलेल्या प्रवाशाला ज्या-त्या राज्यातल्या भागासाठी त्या-त्या राज्याची सवलत मिळावी, गाडी कुणाचीही असो. त्याचे पैसे सवलत देणाऱ्या राज्यानं गाडी चालवणाऱ्या महामंडळाला द्यावेत. ही गोष्ट दोन मंत्रालयांची आहे. आमदाराच्या, खासदाराच्या पत्रात घाला, डेपोच्या अर्जात नको.

पास मात्र आजच वापरा. एसटीचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो, त्रैमासिक पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. वरच्या सात किलोमीटरच्या गावाचं बघा. रोजचे जाऊन-येऊन ४० रुपये २० पैसे. पंचवीस दिवस सुटी तिकिटं काढली तर १००५ रुपये. मासिक पास ८०४ ला. तीन महिन्यांचा २०१० ला, म्हणजे महिन्याला ६७० पडले. आणि टप्पा दुरुस्त झाला तर हाच सगळा हिशोब निम्म्यावर येतो. एकरकमी दोन हजार काढणं मजुराला जड जातं, हे खरं आहे. काही गावांत बचत गटाकडून उचलून हप्त्यानं फेडतात. विद्यार्थ्यांना एसटीत पासावर ६६.६७ टक्के सवलत, बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत. कर्नाटकच्या विद्यार्थी पासाचा अर्ज सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. शाळा-कॉलेजच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरश: जुळलं पाहिजे. मराठी आडनावांचं कन्नड-इंग्रजीत होताना जे काही होतं, त्यानं दर जूनमध्ये पोरं अडकतात. मे महिन्यातच तपासून घ्या.

अर्ज कुणाला, कुठल्या भाषेत

बेळगाव आणि चिक्कोडी हे वायव्य कर्नाटक रस्ते वाहतूक महामंडळाचे दोन वेगळे विभाग आहेत, मुख्य कार्यालय हुबळीला. निपाणी, संकेश्वर, अथणी, रायबाग, गोकाककडच्यांनी चिक्कोडीला जायचं. बेळगाव, खानापूरवाल्यांनी बेळगावला. पलीकडं चंदगड, गडहिंग्लज, कागल हे डेपो एसटीच्या कोल्हापूर विभागात आणि मिरज सांगली विभागात. मागणी दोन राज्यांतल्या जोडणीची असेल तर अर्ज दोन्ही विभागीय नियंत्रकांना एकाच तारखेला, आणि दोन्ही अर्जांत दुसऱ्याचा उल्लेख. नाहीतर 'हे त्यांच्याकडून यायला पाहिजे' या वाक्यावर वर्ष जातं.

भाषेचं सांगतो, कारण आपल्याकडं अर्ज निम्मे तिथंच फसतात. राज्यघटनेचं कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाणं दूर करण्यासाठीचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे मराठीत अर्ज देणं हा हक्क आहे आणि तो सोडू नये. त्याच वेळी टेबलावर बसलेल्या कारकुनाला तो वाचता आला पाहिजे, ही साधी व्यवहाराची गोष्ट. आम्ही मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडतो. गावातल्याच कन्नड शाळेत शिकलेल्या पोरांकडून लिहून घेतो. यात हक्क सोडल्यासारखं वाटतं असं म्हणणारे आमच्यातही आहेत, त्यांच्याशी वाद झालाय. माझं म्हणणं एवढंच की टप्पा बदलून आला तर पैसे मराठी आणि कन्नड दोन्ही घरांचे वाचतात. सह्याही दोन्हींच्या घ्या. बसच्या मागणीला भाषेचा रंग चढला की ती बसची मागणी राहात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तणावापायी हद्दीवरच्या गाड्या थांबल्या, तेव्हा सगळ्यात आधी अडकले ते पासवाले विद्यार्थी आणि दवाखान्याचे पेशंट.

अर्ज एका पानाचा. वर मागणी एका वाक्यात, खाली तीन आकडे : मोजलेलं अंतर, तक्त्यातलं अंतर, रोजचे प्रवासी. सोबत तिकिटांचे फोटो, ग्रामपंचायतीचा ठराव आणि हातानं काढलेला नकाशा. नकाशा छापील नकोच. रस्ता, फाटा, शाळा, हद्दीची रेघ आणि मधली किलोमीटरं, पेनानं. ठरावासाठी पीडीओला (कर्नाटकातला पंचायत विकास अधिकारी) ग्रामसभेच्या आधी विषय लेखी द्या, ऐनवेळी मांडलेला विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. पलीकडच्या ग्रामपंचायतीकडून त्याच मजकुराचा ठराव आणता आला तर वजन दुप्पट.

आणखी एक कायद्याचं हत्यार आहे, ते फारसं कुणी वापरत नाही. दोन राज्यांमधल्या गाड्या आंतरराज्य करारानं चालतात, कुठल्या मार्गावर किती परवाने ते त्यात ठरतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८८ प्रमाणे अशा कराराचा प्रस्ताव राजपत्रात आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात छापावा लागतो, आणि हरकती-सूचनांना निदान तीस दिवस द्यावे लागतात. त्या तीस दिवसांत गावानं 'अमुक मार्ग घाला, अमुक फेऱ्या वाढवा' असं लेखी दिलं तर ते नोंदीवर जातं. जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते. वाचनालयात रोज पेपर चाळणाऱ्या एखाद्या निवृत्त गुरुजींवर ही कामगिरी सोपवा.

एक तिकीट म्हणजे नेमकं काय

'एकच तिकीट हवं' असं म्हणणं सोपं. समोरचा विचारतो, म्हणजे काय? तेव्हा आपण गोंधळतो. यात तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

सगळ्यात खालची : वेळेची जोडणी. तिकिटं दोनच राहू देत, पण बेळगावची गाडी शिनोळीत आली की पुढची चंदगडची गाडी दहा-पंधरा मिनिटांत सुटावी, आणि पहिली लेट असेल तर दुसरीनं ठरलेली मिनिटं थांबावं. याला पैसा लागत नाही, दोन डेपो मॅनेजरांनी एकमेकांना फोन करायची तयारी लागते. वहीत लिहिलेला थांबण्याचा वेळ इथं काढायचा. 'महिन्यात बावीस दिवस सहा वाजून दहाची गाडी चार मिनिटांनी चुकली' अशी नोंद असली की वेळापत्रक पाच मिनिटं पुढं सरकवायला कुणी नाही म्हणत नाही. शेवटच्या गाडीला तर हे हवंच. शेवटची जोडगाडी चुकली की रात्री बाईमाणसाला वडापशिवाय इलाज नाही, मग कुठली बचत आणि काय.

मधली पायरी : गाडी बदलली तरी प्रवास एकच धरायचा. पहिल्या गाडीत शेवटच्या ठिकाणापर्यंतचं तिकीट काढायचं, ठरावीक वेळेत, समजा दीड तासात, दुसऱ्या गाडीत तेच दाखवायचं. टप्पा पुन्हा पहिल्यापासून मोजायचा नाही. एका महामंडळाच्या आत हे मागायला तर काहीच अडचण नको. जांबोटीकडून खानापूरला आणि तिथून बेळगावला दोन्ही गाड्या एकाच महामंडळाच्या. सुरुवात इथून करा. दोन राज्यांच्या भानगडीत पडण्याआधी आपल्याच महामंडळाकडून खानापूरच्या स्टँडवर हे करून घेता आलं, तर पुढं दाखवायला नमुना मिळतो.

वरची पायरी : दोन महामंडळांचा संयुक्त पास. इथं खरं भांडण पैशाच्या वाटणीचं. पैसे एकाकडं भरले, गाडीत बसले दुसऱ्याच्या, तर त्याला काय मिळणार? उत्तर आपणच तयार ठेवायचं. पासाच्या मार्गावर कुठल्या राज्यात किती किलोमीटर ते ठरलेलं आहे, त्या प्रमाणात रक्कम वाटायची आणि महिन्याच्या शेवटी दोन विभागांनी हिशोब मिटवायचा. वीस किलोमीटरच्या मार्गावर बारा कर्नाटकात आणि आठ महाराष्ट्रात असले तर हजाराच्या पासातले सहाशे इकडं, चारशे तिकडं. कंडक्टरनं पास मशीनवर नोंदवला तर कोण कुणाच्या गाडीत किती बसलं तेही कळतं आणि सहा महिन्यांनी प्रमाण दुरुस्त करता येतं.

हे सगळ्या सीमाभागासाठी मागू नका. मागितलं की समिती नेमतात. एक मार्ग निवडा, दोन्ही टोकांना कॉलेज किंवा कारखाना असलेला, रोज ठरावीक लोक जाणारे. फक्त विद्यार्थी आणि कामगारांसाठी, सहा महिन्यांच्या चाचणीवर. बेळगाव-शिनोळी-चंदगड, संकेश्वर-गडहिंग्लज, कागवाड-मिरज यातला कुठलाही शोभेल. शिनोळीला तर औद्योगिक वसाहत आहे आणि तिथं कामाला बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून माणसं जातात. आणि हे आपल्या महामंडळाला परकं नाही. हुबळी-धारवाडची चिगरी बस हेच महामंडळ चालवतं. तिथं गाडीत चढण्याआधी स्थानकावरच तिकीट निघतं, स्मार्ट कार्ड चालतं. हुबळीत जमतं ते खानापूरच्या स्टँडवर का जमू नये, एवढं विचारायला हरकत नाही.

कार्डाची भुरळ

कार्ड काढलं की झालं, असा एक समज आहे. राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्ड मार्च २०१९ पासून आहे. एकच कार्ड कुठल्याही शहरातल्या मेट्रोत, बसमध्ये चालावं ही कल्पना. चांगली आहे. पण कार्ड फक्त पैसे देतं, भाडं जोडत नाही. टप्पा दोनदा मोजला जात असेल तर कार्ड दोनदा पैसे कापेल, तेही न बोलता. आज निदान कंडक्टरशी वाद तरी घालता येतो! तेव्हा आधी भाड्याचा नियम, मग कार्ड.

मोबाईलवरून पैसे देणं दोन्हीकडच्या गाड्यांत सुरू झालंय, सुट्ट्याची कटकट वाचते. पण कणकुंबी, जांबोटीच्या रानात रेंज जाते, पैसे खात्यातून वजा होतात आणि मशीन 'थांबा' म्हणत बसतं. मागची रांग ओरडते. त्या मार्गांवर दहा-दहाच्या नोटा जवळ ठेवा. कार्डातली शिल्लक कार्डातच असल्यानं ते रेंजशिवाय चालतं. घाटातल्या मार्गांसाठी कार्ड मागायचं असेल तर हे कारण लिहा, 'आधुनिक' वगैरे शब्द लिहू नका.

मंजुरीनंतर

पत्र आलं, 'टप्पा मंजूर', पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं जुनंच तिकीट फाडलं. आमच्याकडं असंच झालं. कागदावर मंजुरी आणि मशीनमध्ये तक्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेपोत मशीनमध्ये नवा तक्ता भरावा लागतो आणि तो एकाच वेळी सगळ्या मशीनमध्ये जाईलच असं नाही. म्हणून मंजुरीच्या पत्राच्या दहा झेरॉक्स काढा, रोज जाणाऱ्या दहा जणांच्या पाकिटात एकेक असू द्या. कंडक्टरशी हुज्जत नको, तिकिटावरचा मशीनचा नंबर आणि गाडीची वेळ टिपून संध्याकाळी डेपोला कळवा. थेट गाडी दोन्ही राज्यांची असेल तर दोन्हींत तपासा. आमच्या फाट्याचं एका बाजूच्या मशीनमध्ये नवव्या दिवशी आलं. दुसऱ्या बाजूच्या गाडीत अजून पुढच्या गावचंच तिकीट निघतंय, त्याचे फोटो नव्या पाकिटात जमा होताहेत.